हवा तोलणारी तार

मशीनला तेल आणि माणसाला झोप, या दोन बाबतींत काटकसर करायची नाही, असं बॉबिनकाका म्हणायचे. म्हणायचे म्हणजे दिवसातून चारदा म्हणायचे. चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस, तो दुसरं काय म्हणणार? त्यांच्या घरात दार कुरकुरत नसे, पंखा खडखडत नसे, कात्री अडत नसे. शेजारच्या बाळाचा पाळणा जरा वाजला, की हे बाटली घेऊन दारात हजर. खरं नाव त्यांचं त्यांनाच सही करताना आठवायचं. एरवी ते सगळ्या जगाचे बॉबिनकाका.

दीड वर्षापूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. लोक आता कपडे शिवत नाहीत, आयते आणतात. आणि मशीन बिघडलं तर दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात. काकांनी त्यावर आरडाओरडा केला नाही. शटर ओढलं, हत्यारांची पेटी घरी आणली, पलंगाखाली सरकवली आणि खिडकीत जाऊन बसले. चार महिने बसले. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे, पुन्हा खिडकी. आणि मग एके रविवारी त्यांची नजर दारातल्या आत्याबाईवर पडली.

आत्याबाई म्हणजे त्यांच्या बायकोची गाडी. वीस वर्षांची, पेट्रोलवरची, अवाढव्य एसयूव्ही. आली की अंगण भरून जाणार, खायला कितीही घाला तक्रार आहेच, आणि तिच्याशिवाय घरातलं एकही काम होत नाही. मग आत्याबाई नाही तर काय नाव ठेवायचं? काकांची बायको गुरांची डॉक्टर. सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत, आणि काका लाडात आले की नुसतं ‘डॉक्टर’.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी डॉक्टरीणबाई आत्याबाईला बोटीवर चढवून तळ्यापलीकडे जात. पलीकडे माळ, माळावर दगडी रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला पल्याडची वस्ती. तिथे माणसं शंभर आणि जनावरं दोन हजार, आणि दोघांत मिळून डॉक्टर हीच एक. जाऊन-येऊन चारशे वीस किलोमीटर. पल्याड ट्रॅक्टरपुरतं डिझेल मिळे, पेट्रोलचा थेंब मिळत नसे. बरं, डब्यात भरून न्यावं, तर माणसं आणि गुरं एकत्र बसतात त्या बोटीवर सुटं पेट्रोल चढवायला सक्त मनाई. म्हणजे अलीकडच्या काठावर भरलेली एक टाकी, तीच जायला आणि तीच यायला. आत्याबाई लिटरला नऊ किलोमीटर जायची तोवर कुणी याचा विचारही केला नव्हता.

त्या रविवारी काकांनी बॉनेट उघडलं. आत हवेचा फिल्टर होता, कापडी, धुऊन पुन्हा वापरायचा. त्याला थोडंसं तेल लावायचं असतं, हे खरं. डब्यावर तसं लिहिलंही होतं. आता मला सांगा, तेलाच्या बाबतीत ‘थोडंसं’ हा शब्द बॉबिनकाकांना कुणी शिकवला होता? त्यांनी फिल्टर धुतला, वाळवला आणि मशीनचं पातळ, स्वच्छ, उत्तम तेल त्याच्यावर असं ओतलं, की कापड पिऊन तृप्त झालं आणि वर ढेकर दिली. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. आत्याबाई हळूहळू जास्त पेट्रोल प्यायला लागली तसे काका काळजीत पडले, आणि काळजीपोटी आणखी तेल घालू लागले. स्टेअरिंगसमोरच्या काट्यांच्या शेजारी एक पिवळा दिवा लागला, तेव्हा डॉक्टरांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. अति तिथे माती म्हणतात, पण माती करणाऱ्याला ती दिसते कुठे?

मागच्या महिन्यात व्हायचं ते झालं. परतीच्या वाटेवर, बोट वीस-पंचवीस किलोमीटरवर असताना टाकी ठणठणीत कोरडी पडली. एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून ओढत आणलं, तोवर शेवटची बोट गेली होती. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात तीस जनावरं ताटकळली. वरच्या साहेबांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि कागद पुढे सरकवला: नवी गाडी नाही, पुन्हा असं झालं तर पल्याडची वस्ती यादीतून बाद. परतीच्या बोटीचा शिक्का दाखवा, नाहीतर फेरी बंद.

त्या घरी आल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन बसल्या. काकांनी कागद वाचला. सव्वीस वर्षं बायको त्या माळावर जात होती. त्या जनावरांच्या आज्या-पणज्या तिने जगवल्या होत्या.

“उद्या गाडी वहिनींकडे नेऊ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वहिनी म्हणजे गॅरेजवाल्या वहिनी. गॅरेज आधी दोन भावांचं होतं. मोठा गेला, धाकटा परगावी पळाला, आणि मोठ्याच्या बायकोने पदर खोचून पाना हातात घेतला. धाकटा ‘वहिनी, वहिनी’ करायचा म्हणून गिऱ्हाइकंही वहिनी म्हणू लागली. बाई कामात वाघीण, बोलायला फटकळ. लादी धुतलेली, पाने भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले. काकांना आत पाऊल टाकताच बरं वाटलं. हत्यारं जागेवर ठेवणारा माणूस वाईट नसतो, असं त्यांचं मत होतं.

वहिनींनी पहिल्यांदा ती काळी चिकटपट्टी ओढून काढली. पिवळा दिवा डोळे वटारून बघू लागला.

“हे कुणाचं डोकं?”

“माझं,” काका म्हणाले.

“बरं,” एवढंच वहिनी म्हणाल्या, पण त्या ‘बरं’मध्ये सगळं आलं. त्यांनी स्टेअरिंगखाली वायर जोडली, लॅपटॉप टूलबॉक्सवर ठेवला आणि इंजिन सुरू करून दहा मिनिटं आकडे बघत राहिल्या. मग बॉनेट उघडून फिल्टरच्या मागच्या नळीतून बोटाएवढा एक काळा प्लास्टिकचा तुकडा काढला.

“सेन्सर,” त्या म्हणाल्या. “यात एक तार आहे. हात लावू नका.”

काकांच्या खिशात भिंग कायम असायचं. डोळ्याला लावलं आणि उजेडाकडे तोंड करून बघितलं. आणि बघतच राहिले.

आयुष्यभर त्यांनी बारीक वस्तू हाताळल्या होत्या. सर्वांत बारीक सुई, तिच्याहून बारीक दोरा, बॉबिनच्या स्प्रिंगचा केसासारखा स्क्रू. पण ही तार! ही आहे की नाही, हेच आधी कळेना. डोळा स्थिर केला तेव्हा दिसली, एक चमकती रेघ, दोन खांबांमध्ये ताणलेली.

“ही काय करते?” त्यांनी कुजबुजत विचारलं, जणू मोठ्याने बोललं तर तुटेल.

“हवा तोलते.”

“काय तोलते?”

“हवा. इंजिन श्वास घेतं ना, त्या श्वासाचं वजन करते. तार तापवलेली असते. वारा अंगावरून गेला की गार होते. तिला पुन्हा तेवढीच तापवायला वीज किती लागली, त्यावरून कळतं हवा किती गेली. हवा जेवढी, पेट्रोल तेवढं.”

काकांनी भिंग खाली घेतलं. हवेला वजन असतं हे त्यांनी शाळेत ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. आणि इथे, त्यांच्या दारात उभ्या राहणाऱ्या त्या खडखडाटात, वीस वर्षं कुणीतरी गुपचूप प्रत्येक श्वास तोलत बसलं होतं! चढावर, चिखलात, थंडीत, बायको गाणी ऐकत असताना, जांभया देत असताना. अरे, ज्याने ही तार पहिल्यांदा मनात आणली असेल, त्याला त्या दिवशी जेवण तरी गेलं असेल का?

“बाप रे,” ते म्हणाले. मग पुन्हा भिंग लावलं. “पण हिच्यावर हे तपकिरी काय आहे? पापुद्र्यासारखं?”

वहिनींनी एकदा डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. डॉक्टरीणबाई भिंतीवरच्या पान्यांकडे बघत होत्या.

“फिल्टरला तेल कोण घालतं?” वहिनींनी विचारलं.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला कधीतरी वाटतं. काकांना ते त्या धुतलेल्या लादीवर वाटलं. तेल कसं असतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. फिल्टरमधून सुटलेला एकेक सूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर येऊन त्या तापल्या तारेवर बसणार, जळणार, त्याच्यावर दुसरा. दर रविवारी. रविवारमागून रविवार.

“मी,” ते म्हणाले. “मीच घालतो. भरपूर.”

“सगळा दोष तेलाचा नाही,” वहिनी जरा मऊ आवाजात म्हणाल्या. “अडीच लाख किलोमीटर झालेत. पाण्याचा ताप बघणारा सेन्सर म्हणतोय इंजिन अजून गारच आहे, त्यामुळे तापलेल्या इंजिनातही थंडीत लागतं तेवढं जास्तीचं पेट्रोल ओतलं जातंय. आणि धुराच्या नळीत एक असतो, तो जळलेल्या हवेचा वास घेऊन सांगतो पेट्रोल जास्त झालं का कमी. त्याचं नाक वयामुळे बंद. तार माखली की थोड्या हवेलाही भरपूर म्हणते, पण तिचं खोटं पकडणारा कुणी शुद्धीवर नाही. तिन्ही बदलू.”

“आणि मी वरून तेल घालत होतो,” काका म्हणाले. “रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.”

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते ओढणीत दाबलं.

दोन दिवसांनी तिन्ही सेन्सर आले. धुराच्या नळीतला जुना गंजून असा बसला होता, की वहिनींनी पान्याला लांब पाइप लावला आणि काका दुसऱ्या टोकाला लटकले तेव्हा कुठे तो किंचाळत सुटला. नवे बसले. फिल्टर कागदी आला, कोरडा ठणठणीत. वहिनींनी इंजिन सुरू केलं, तापू दिलं आणि लॅपटॉप काकांकडे वळवला.

पडद्यावर एक रेघ वर-खाली, वर-खाली नाचत होती.

“हे काय, थरथरतंय?”

“थरथरत नाही. विचारतंय. पेट्रोल जास्त झालं? कमी कर. कमी झालं? जरा वाढव. जास्त झालं? कमी कर. सेकंदाला एकदा-दोनदा. गाडी चालू आहे तोवर हेच.”

काकांना स्टूल मिळालं, चहा मिळाला आणि चहावर साय धरली तरी त्यांना पत्ता नव्हता. दोऱ्याचा ताण बरोबर बसवायला ते दोन बोटांत दोरा धरून ओढून बघायचे. एका मशीनला अर्धा अर्धा दिवस जायचा, आणि एकदा बसला की लोक म्हणायचे, काकांच्या बोटांत जादू आहे. इथे हा लोखंडाचा ठोकळा दर सेकंदाला स्वतःची चूक शोधत होता आणि सुधारत होता. रुसत नव्हता, दमत नव्हता, ‘मला सगळं कळतं’ असं एकदाही म्हणत नव्हता. काकांना भरून आलं. त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

“मंगळवारी चला माझ्याबरोबर,” डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या.

सव्वीस वर्षांत काका कधी पल्याड गेले नव्हते. आधी दुकान होतं, नंतर खिडकी होती. पण या वेळी घरी बसून पेट्रोलच्या काट्याची कल्पना करत बसणं त्यांच्याच्याने झालंच नसतं.

मंगळवारी पहिल्या बोटीने निघाले. अलीकडे टाकी काठोकाठ भरली. पलीकडे उतरल्यावर बोटवाल्याने कागदावर जाण्याचा शिक्का मारला आणि म्हणाला, “बाई, संध्याकाळी साडेपाचची शेवटची. मी थांबवू शकत नाही हं.” त्याच्या आवाजात काळजी होती.

मग माळ सुरू झाला. काका समोरचं काहीच बघत नव्हते. डोळ्यांत तेल घालून काटा बघत होते, आणि या वेळी तेवढंच तेल. वीस किलोमीटर झाले, काटा हलला नाही. त्यांना वाटलं अडकला. पन्नास झाले, किंचित हलला. बायको चढावर गिअर बदलायची आणि काका मनात म्हणायचे, आता तोललं, आता पुन्हा तोललं. शंभर झाले. दीडशे झाले. अहो, हवा कुठे दिसते? पण त्या दिवशी काकांना ती दिसत होती, माळावरून उचलली जाणारी, नळीतून आत ओढली जाणारी, त्या रेघेएवढ्या तारेला गार करून पुढे जाणारी. एवढा मोठा माळ, एवढं आभाळ, आणि त्यातला आपल्या वाट्याचा घोट मोजून घेणारी एक तार. त्यांनी काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून एक मोठा श्वास घेतला.

“काय करताय?”

“काही नाही. तू रस्ता बघ.”

वस्ती आली तेव्हा काटा अर्ध्याच्या वर होता. चांगला वर. काकांचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्यांना दिसलं, की दगडी कुंपणाशी लोक जनावरं घेऊन रांगेत उभे आहेत. मागच्या वेळी गाडी ओढत नेली हे सगळ्यांना कळलं होतं. तरी उभे होते. आत्याबाई दिसताच एका म्हातारीने हातातली दोरी सोडली आणि तोंडावर हात धरला.

“आली गं बाई,” ती म्हणाली. “मी म्हणत होते, आता कसली येते.”

काकांनी बायकोला काम करताना कधी बघितलं नव्हतं. घरात भाजी चिरणारी, चष्मा शोधणारी बाई इथे कुणी वेगळीच होती. एका अडलेल्या गाईपाशी ती गुडघ्यांवर बसली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटले. गाय डोळे फिरवत पडलेली. डॉक्टरीणबाई कितीतरी वेळ तशाच, बोटांनी आत काहीतरी वाचत. मग डोळे न उघडता म्हणाल्या, “वासरू आडवं आहे. जिवंत आहे.” आणि पाऊण तास घाम गाळून त्यांनी ते सरळ केलं, ओढलं, आणि ते ओलं, लटपटतं जनावर गवतावर पडून शिंकलं. काका कुंपणाला धरून उभे होते. सव्वीस वर्षं ही बाई हे करत होती आणि संध्याकाळी घरी येऊन विचारत होती, तुम्ही जेवलात का?

मग परतीची वाट. पाचला दहा मिनिटं असताना तळं दिसलं. काटा पाव टाकीच्या जरासा खाली, लाल रेघेपासून चांगला दूर. बोटवाला काठावर उभा होता. त्याने गाडी बघितली, कागद मागितला आणि परतीचा शिक्का असा हाणला, की टेबल हललं.

“वस्ती राहिली,” काका म्हणाले.

“राहिली.” डॉक्टरीणबाईंनी इंजिन बंद केलं. पुढे तीन गाड्या होत्या. “अहो, एक सांगू? आज नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही मी.”

“सांग की.”

“वहिनींनी मला गेल्या उन्हाळ्यातच सांगितलं होतं. ब्रेक बघायला गेले होते तेव्हा. म्हणाल्या, या फिल्टरचं तेल बंद करा, नाहीतर आतली तार जाईल.”

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“होतं.”

“नऊ महिने?”

“तुम्ही बाटली घेऊन बाहेर जायचात. मी खिडकीतून बघायचे.”

“अगं, तू डॉक्टर आहेस का कोण!” काका एवढ्या मोठ्याने ओरडले, की पुढच्या गाडीतल्या बाईने मागे वळून बघितलं. “वस्ती गेली असती! ती म्हातारी, ती रांग! त्या ट्रॅक्टरमागे तू भर उन्हात, माझ्या मूर्खपणापायी! एक शब्द बोलली असतीस तर मी बाटली तळ्यात फेकली असती!”

“माहीत आहे. म्हणून तर बोलले नाही. एसी बंद ठेवून, काच खाली करून, हळू चालवून भागवत होते, जोवर भागलं तोवर. मग नाही भागलं. तेव्हा वहिनींना म्हटलं, तुम्हीच विचारा त्यांना, माझ्याच्याने होणार नाही.”

“पण का?”

त्या समोर पाण्याकडे बघत राहिल्या.

“दुकान बंद झाल्यापासून तुम्ही शीळ घालणं सोडलं होतंत. चार महिने घरात शीळ नव्हती. त्या पहिल्या रविवारी मी ओट्याशी उभी होते आणि बॉनेटखालून शीळ ऐकू आली. तीच आपली, मधेच अडकणारी. माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. मग मी ठरवलं, पितेय ना पेट्रोल, पिऊ दे.”

आपण काम करताना शीळ घालतो, हे त्यांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. राग अजून छातीत होता, लाज होती, आणि या दोन्हींच्या वर काहीतरी एवढं मोठं होतं, की गाडीत मावेना. त्यांनी बायकोकडे बघितलं. कपाळावर वाळलेला घाम, ओढणीला वासराचा डाग, आणि बोटं स्टेअरिंगवर.

पुढच्या तिन्ही गाड्या बोटीवर चढल्या. बोटवाल्याने हात केला, मागचा ट्रक हॉर्न वाजवू लागला, तरी डॉक्टरीणबाई चावी न फिरवता थांबल्या होत्या. त्या काकांच्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि काकांनी ओठांचा चंबू करून शीळ घातली, तीच, मधेच अडकणारी.